अंगावर पित्त, गळ्यात थायरॉईड

कार्यालयातून घरी परतताना पोटरीला खाज सुटते. खाजवावे तर तेथे लालसर, फुगीर गांध उठते. पाहता पाहता मांड्या, कंबर, पाठ गांधींनी भरून जाते. रात्री केव्हातरी ओठ किंवा पापणी सुजते, झोपेचे खोबरे होते आणि सकाळी दवाखान्यात पोहोचेपर्यंत अंग पुन्हा स्वच्छ. डॉक्टरांना दाखवायला काहीच उरत नाही. हे चार-दोन दिवस नव्हे, तर महिनोन् महिने चालते. घरातली वडीलधारी मंडळी आमसुलाचे पाणी चोळतात, घोंगडी पांघरायला देतात. शेजारणीच्या सल्ल्याने वांगे, तूरडाळ, अंडी, दही, शेंगदाणे असे एकेक पदार्थ ताटातून नाहीसे होतात. जंताचे औषध घेऊन होते. कुणी महागडी ॲलर्जी चाचणी करायला लावतो. तिच्यात धूळ, झुरळ आणि राजमा यांच्यापुढे अधिकची चिन्हे येतात आणि राजमाही बंद होतो. पित्त मात्र उठतच राहते.

मग एखादे डॉक्टर रक्ततपासणीच्या यादीत थायरॉईड लिहून देतात. अहवालात ‘टीएसएच’ ठीक असते. पण ‘अँटी-टीपीओ’ या ओळीपुढे ठळक अक्षरांत भलामोठा आकडा छापलेला असतो. आता रुग्णाला दोन चिंता लागतात. अंगावरच्या पित्ताचा आणि गळ्यातल्या ग्रंथीचा संबंध काय? आणि थायरॉईडची गोळी सुरू केली तर पित्त जाईल काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, संबंध आहे आणि तो आता चाळीसहून अधिक वर्षांच्या अभ्यासाने पक्का झालेला आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुतेकांच्या बाबतीत ‘नाही’ असेच आहे. या दोन उत्तरांत विसंगती वाटेल. ती का नाही, हे समजण्यासाठी थोडे मुळापासून पाहिले पाहिजे.

एका शब्दाचा घोटाळा

आपल्या भाषेत ‘पित्त’ हा शब्द फार कामे करतो. छातीत जळजळले तरी पित्त, डोके दुखून उलटी झाली तरी पित्त आणि अंगावर गांधी उठल्या तरीही पित्तच! माधवनिदान या प्राचीन ग्रंथात शीतपित्त, उदर्द व कोठ यांचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यातले वर्णन आजही पटते: गांधीलमाशी चावल्यावर उठावा तसा फुगवटा, त्याला खाज आणि टोचल्यासारख्या वेदना. निरीक्षण अचूक होते. पण पुढे बोलीभाषेत शब्द एकच राहिल्याने अंगावरचे पित्त हे पोटातल्या आम्लाचेच बाहेर पडलेले रूप आहे, अशी समजूत घट्ट झाली. त्यामुळे कित्येक रुग्ण महिनोन् महिने आम्लपित्तावरच्या गोळ्या घेत राहतात. आम्लाचा आणि या गांधींचा थेट संबंध नाही. इंग्रजीतले ‘अर्टिकेरिया’ हे नाव युरोपातील ‘अर्टिका’ या खाजऱ्या झुडपावरून आले. ते निदान कारणाविषयी काही सांगण्याचा आव तरी आणत नाही.

गंमत अशी की, थायरॉईडच्या बाबतीतही आपण असेच बोलतो. ‘मला थायरॉईड आहे’ असे रुग्ण सांगतो. पण थायरॉईड तर प्रत्येकालाच असते. गळ्याच्या पुढच्या बाजूला, स्वरयंत्राच्या खाली असलेली फुलपाखराच्या आकाराची ती एक ग्रंथी आहे. बिघडते ते तिचे काम. ते कमी होते, जास्त होते, किंवा काम ठीक असतानाच तिच्यावर आतून हल्ला सुरू झालेला असतो. या लेखात आपल्याला प्रामुख्याने या तिसऱ्या अवस्थेशी कर्तव्य आहे.

कातडीत काय घडते?

१८७८ मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने रंगद्रव्ये वापरून सूक्ष्मदर्शकाखाली काही विशिष्ट पेशी पाहिल्या. त्या कणांनी इतक्या ठासून भरलेल्या होत्या की, त्या खाऊनपिऊन पुष्ट झाल्या असाव्यात असे त्याला वाटले आणि त्याने त्यांना जर्मन भाषेत त्या अर्थाचे नाव दिले. त्याच या ‘मास्ट’ पेशी. कणांत अन्न नव्हते, रसायने होती, हे पुढे कळले. हिस्टामिन हे त्यातले प्रमुख. हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९१० मध्ये हिस्टामिनचे शरीरावरील परिणाम नोंदवले. १९२७ मध्ये थॉमस लुईस यांनी त्वचेतील रक्तवाहिन्यांवरील आपल्या ग्रंथात कातडीवर ओरखडा काढल्यावर क्रमाने उमटणाऱ्या तीन गोष्टींचे वर्णन केले: आधी लाल रेघ, मग भोवती पसरणारी लाली आणि शेवटी मधला फुगवटा. मास्ट पेशी उघडते, हिस्टामिन बाहेर पडते, सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात आणि गळू लागतात. त्यातला द्रव कातडीत साचतो, ती गांध. मज्जातंतूंची टोके चेतवली जातात, ती खाज. हीच क्रिया खोलवरच्या थरात झाली की ओठ, पापण्या, जीभ सुजते. द्रव पुन्हा शोषला गेला की गांध मागमूस न ठेवता नाहीशी होते. म्हणूनच एक गांध सहसा २४ तासांहून अधिक टिकत नाही; जुनी जाते, नवी दुसरीकडे उठते.

सहा आठवड्यांच्या आत थांबणारे पित्त तीव्र, त्याहून अधिक चालणारे ते जुनाट, अशी विभागणी आहे. ही सीमारेषा निव्वळ सोयीची नाही. तीव्र पित्तामागे अनेकदा बाहेरचे कारण सापडते: विषाणूसंसर्ग, एखादे प्रतिजैविक, वेदनाशामक गोळी, कोळंबी किंवा शेंगदाणा. जुनाट पित्तात अशी अन्नाची ॲलर्जी फार क्वचित आढळते. ज्याला कोळंबीची खरी ॲलर्जी आहे त्याला कोळंबी खाल्ल्यावर तासाभरात त्रास होतो आणि तो स्वतःच ते ओळखतो. रोज उठणाऱ्या, वरणभात खाल्ला तरी आणि उपास केला तरी उठणाऱ्या पित्ताचे कारण ताटात शोधणे व्यर्थ आहे. तरीही रुग्णांची निम्मी शक्ती त्या शोधातच खर्च होते, आणि त्यात वजन उतरते, रक्त कमी होते, ते वेगळेच.

कोणत्याही वेळी लोकसंख्येतील साधारण अर्धा ते एक टक्का लोकांना हा त्रास असतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो सुमारे दुप्पट आढळतो आणि तोही बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे नोकरी, संसार, लहान मुले या सर्वांची ओढाताण एकाच वेळी चालू असते तेव्हा. थंडी, दाब, ऊन, घाम अशा ठरावीक चेतकांनी उठणारे पित्त वेगळे. ज्याला कोणतेही ठरावीक चेतक सापडत नाही, त्याला पूर्वी ‘अज्ञातहेतुक’ म्हणत; आता ‘स्वयंस्फूर्त’ म्हणतात. हा नावातला बदल केवळ शब्दांचा खेळ नाही. ‘अज्ञात’ हा शब्द गळला, कारण काही गोष्टी ज्ञात झाल्या.

स्वतःचेच रक्त, स्वतःचीच कातडी

१९८६ मध्ये इंग्लंडमध्ये क्लाइव्ह ग्रॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. जुनाट पित्ताच्या रुग्णांचे रक्त काढून त्यातील पेशी वेगळ्या केल्या आणि उरलेला स्वच्छ द्रव, म्हणजे सीरम, त्याच रुग्णांच्या कातडीत अगदी थोडा टोचला. काही रुग्णांच्या त्या जागी गांध उठली. म्हणजे मास्ट पेशींना उघडायला लावणारे काहीतरी रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातच फिरत होते. १९९३ मध्ये मिचिहिरो हिदे, माल्कम ग्रीव्ह्ज आदींनी ते ‘काहीतरी’ हुडकले. ते होते प्रतिपिंड. शरीरात शिरलेल्या जंतूंना ओळखून पकडण्यासाठी पांढऱ्या पेशींनी तयार केलेले प्रथिन म्हणजे प्रतिपिंड. पण या रुग्णांतील प्रतिपिंडे जंतूंना नव्हे, तर मास्ट पेशीच्या पृष्ठभागावरील एका ग्राहकाला चिकटत होती. या ग्राहकावर एरवी ‘आयजीई’ हे ॲलर्जीचे प्रतिपिंड बसते. ग्राहकांच्या जोड्या एकमेकींशी बांधल्या गेल्या की पेशीला उघडण्याचा आदेश मिळतो. धूळ नको, कोळंबी नको. घरातल्यानेच आतून कडी काढावी, तसा हा प्रकार.

स्वतःच्या शरीरावर उलटणाऱ्या या प्रतिकाराला स्वयंप्रतिकार किंवा ‘ऑटोइम्यून’ विकार म्हणतात. येथे पुन्हा एर्लिख यांची आठवण होते. शरीर स्वतःविरुद्ध असे विषारी शस्त्र उगारणारच नाही, निसर्गाला त्याचे भय आहे, असा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनीच मांडला होता आणि त्यांच्या नावाचा दबदबा असा की, पुढची कित्येक दशके त्याविरुद्ध बोलणाऱ्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. मास्ट पेशींना नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाचे ते मत अखेर ज्या अवयवामुळे मोडले, तो अवयव म्हणजे थायरॉईड.

त्याची कथा जपानपासून सुरू होते. क्युशू विद्यापीठातील हाकारू हाशिमोतो या तरुण शल्यचिकित्सकाने १९१२ मध्ये चार मध्यमवयीन स्त्रियांच्या थायरॉईड ग्रंथींचे वर्णन जर्मन भाषेतील एका नियतकालिकात प्रसिद्ध केले. ग्रंथी सुजलेल्या होत्या आणि आत पांढऱ्या पेशींची दाटी झाली होती. पुढे ते गावी परतले, घराण्याचा दवाखाना चालवू लागले आणि १९३४ मध्ये विषमज्वराने त्यांचे निधन झाले. आपले नाव जगातील एका अत्यंत सामान्य विकाराला मिळेल, हे त्यांना कळलेही नसावे. १९५६ मध्ये लंडनमध्ये डेबोरा डोनियाक यांच्या लक्षात आले की, हाशिमोतो विकाराच्या रुग्णांच्या रक्तात वाढलेली प्रथिने थायरॉईड काढून टाकल्यावर खाली येतात. मग ती प्रथिने थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडेच असतील काय? आयव्हन रॉइट यांनी रुग्णाचे सीरम आणि थायरॉईडचा अर्क एकत्र करून पाहिला आणि दोहोंच्या संयोगाने साका तयार झाला. त्याच वर्षी अमेरिकेत बफेलो येथे नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच थायरॉईडचा अर्क टोचून त्यांच्या ग्रंथीत तसाच दाह निर्माण करून दाखवला. स्वयंप्रतिकाराची कल्पना वैद्यकशास्त्राला मान्य करावी लागली.

हाशिमोतो विकारातील मुख्य लक्ष्य म्हणजे ‘थायरॉईड पेरॉक्सिडेझ’ हे विकर, अर्थात ‘टीपीओ’. आयोडीन वापरून संप्रेरक बनवण्याचे काम याच्याशिवाय होत नाही. त्याविरुद्धची प्रतिपिंडे म्हणजे ‘अँटी-टीपीओ’. ही रक्तात असली म्हणून ग्रंथी बिघडलीच असे नव्हे. हल्ला संथ असतो. ग्रंथी कित्येक वर्षे, कधी आयुष्यभर, आपले काम निभावते.

दोघांची गाठ कुठे पडली?

कॅनडातील टोरांटोचे आर्थर लेझनॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये जुनाट पित्त आणि थायरॉईडचा स्वयंप्रतिकार यांची सांगड प्रथम व्यवस्थित मांडली. १९८९ मध्ये त्यांनी मोठी पाहणी प्रसिद्ध केली. ६२४ रुग्णांपैकी ९० जणांत, म्हणजे १४ टक्क्यांहून थोड्या अधिक रुग्णांत, थायरॉईडविरुद्ध प्रतिपिंडे सापडली. त्यानंतर जगभरातून अशा नोंदी येत राहिल्या. आकडे कमी-जास्त आहेत, पण दिशा एकच. २०१२ मध्ये इस्रायलमधून आलेल्या अभ्यासात जुनाट पित्ताच्या १२,७७८ रुग्णांच्या १७ वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पित्त नसलेल्या लोकांशी तुलना करता या रुग्णांत थायरॉईडचे काम मंदावणे आणि अतिरिक्त वाढणे या दोन्ही गोष्टी कित्येक पटींनी अधिक आढळल्या. संधिवात, सीलिॲक विकार आणि पहिल्या प्रकारचा मधुमेहदेखील अधिक होता, विशेषतः स्त्रियांत. आणखी एक लक्षणीय बाब अशी की, यातले बहुतेक स्वयंप्रतिकार विकार पित्ताचे निदान झाल्यानंतरच्या दहा वर्षांत उघड झाले. म्हणजे पित्त आधी, बाकीचे मागाहून.

आता एक सावधगिरीची गोष्ट, जी जाहिरातबाज आरोग्य-तपासणी योजनांत कुणी सांगत नाही. २०१३ मध्ये भारतातील आठ शहरांत केलेली थायरॉईडची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात मुंबई आणि गोवा यांचाही समावेश होता. पाच हजारांहून अधिक प्रौढांपैकी जवळपास ११ टक्के लोकांत थायरॉईडचे काम मंदावलेले होते आणि सुमारे २२ टक्क्यांत अँटी-टीपीओ प्रतिपिंडे होती. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या दर पाच माणसांपैकी एकाच्या रक्तात ती असू शकतात, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या अंगावर कधी एक गांधही उठत नाही. टोरांटोच्या १४ टक्क्यांपेक्षा हा आकडा मोठा दिसतो, तो प्रामुख्याने तपासणीच्या पद्धतींतील फरकामुळे. १९८०च्या दशकातील चाचण्या आजच्याइतक्या संवेदनशील नव्हत्या. म्हणून एका पाहणीची टक्केवारी दुसरीशी भिडवू नये. एकाच पद्धतीने तपासलेल्या रुग्णांची आणि निरोगी लोकांची तुलना पाहावी. तशी तुलना केली की संबंध टिकून राहतो. पण एखाद्या विशिष्ट रुग्णात पित्त आणि प्रतिपिंडे एकत्र दिसली, तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यताही आपल्या शहरांत पुरेशी मोठी आहे, हे विसरता कामा नये.

कारण की सोबती?

संबंधाचा अर्थ लावताना तज्ज्ञांत तीन विचार दिसतात. सर्वांत साधा आणि माझ्या मते आजच्या पुराव्याशी सर्वाधिक जुळणारा विचार असा की, ही दोन्ही एकाच प्रवृत्तीची फळे आहेत. ज्या व्यक्तीच्या प्रतिकारयंत्रणेत आपले-परके ओळखण्याचा विवेक जन्मतःच थोडा ढिला आहे, तिच्यात एक चूक मास्ट पेशीबाबत होते, दुसरी थायरॉईडबाबत. एकाच घरातल्या दोन भिंतींना ओल यावी, म्हणून एका भिंतीने दुसरीला भिजवले असे होत नाही. पाणी वरून कुठूनतरी झिरपते. स्त्रियांमधील अधिक प्रमाण आणि घराण्यात इतर स्वयंप्रतिकार विकार आढळणे यांचा उलगडा या विचाराने होतो.

दुसरा विचार अधिक चमत्कारिक आहे. थायरॉईडविरुद्धची नेहमीची प्रतिपिंडे ‘आयजीजी’ वर्गातली असतात. बर्लिनच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की, जुनाट पित्ताच्या अनेक रुग्णांत टीपीओविरुद्ध ‘आयजीई’ वर्गातील, म्हणजे ॲलर्जीच्या जातीची प्रतिपिंडेही असतात. त्यांच्या रुग्णांत तर निम्म्याहून अधिक जणांत ती आढळली. याचा अर्थ काही लोकांना स्वतःच्याच एका प्रथिनाची ॲलर्जी असू शकते! तसे असेल तर मास्ट पेशीवर आधीच बसलेल्या आयजीईला टीपीओ येऊन चिकटले की ती उघडेल. इतर ठिकाणच्या अभ्यासांत हे प्रमाण बरेच कमी निघाले. शिवाय थायरॉईडच्या पेशीत राहणारे हे विकर कातडीपर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचते कसे, हा प्रश्न उरतोच. एक सूचक बाब अशी की, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींतही याच कुळातले एक पेरॉक्सिडेझ असते आणि या पेशी तर पित्ताच्या गांधींत हजर असतातच.

तिसरा विचार, थायरॉईडच्या संप्रेरकांची कमतरता हीच थेट पित्ताला कारण होते, हा लोकप्रिय आहे; पण ज्यांच्यात प्रतिपिंडे सापडतात त्यांच्यापैकी बहुतेक रुग्णांचे संप्रेरक मुळात ठीक असतात, या एकाच गोष्टीने तो अडतो.

गेल्या काही वर्षांत या ज्ञानाला व्यवहारातही जागा मिळाली आहे. जुनाट पित्ताचे दोन गट पडतात असे आता मानतात. एका गटात स्वतःच्या प्रथिनांविरुद्ध आयजीई असते. दुसऱ्यात मास्ट पेशीच्या ग्राहकाविरुद्ध आयजीजी असते. या गटात एकूण आयजीईची पातळी बहुधा कमी आणि अँटी-टीपीओ अधिक आढळते, आणि नेहमीच्या औषधांना त्यांचा प्रतिसाद उशिरा किंवा अपुरा मिळतो. म्हणून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत, तज्ज्ञांकडे पोहोचलेल्या रुग्णांसाठी रक्तपेशींची गणना आणि दाहदर्शक चाचणीच्या जोडीला एकूण आयजीई आणि अँटी-टीपीओ या दोनच तपासण्या सुचवल्या आहेत. शंभर पदार्थांची ॲलर्जी चाचणी त्या यादीत नाही. अँटी-टीपीओची तपासणी येथे दुहेरी कामाची ठरते: ग्रंथीवर लक्ष ठेवायचे की नाही हे कळते आणि पित्त कोणत्या जातीचे आहे याचा अंदाजही बांधता येतो.

गोळी कुणाला?

टीएसएच स्पष्टपणे वाढलेले असेल तर थायरॉक्सिनची गोळी घ्यावीच लागते, पित्त असो वा नसो. तिने थकवा, वाढते वजन, बद्धकोष्ठ, मासिक पाळीतील अनियमितता सुधारते. काही रुग्णांत पित्तही निवळते. वाद आहे तो टीएसएच सामान्य असलेल्यांचा. १९९५ मध्ये अशा सात रुग्णांना थायरॉक्सिन दिल्यावर आराम पडल्याचे प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून ही कल्पना फिरत आहे. पण सात रुग्ण, आणि तुलनेसाठी दुसरा गट नाही. हा विकार आपोआप कमी-जास्त होत असतो. कशानेही बरे वाटल्याचे श्रेय ज्याला-त्याला मिळते, मग ती गोळी असो, आमसूल असो की घोंगडी. नंतरच्या अनुभवांत काहींना गुण आला, अनेकांना नाही. ग्रंथी धडधाकट असताना बाहेरून संप्रेरक दिले तर धडधड, निद्रानाश, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता, हाडांची झीज असे परिणाम संभवतात. आमसुलाच्या पाण्याने निदान असे काही होत नाही. म्हणून केवळ अँटी-टीपीओचा आकडा पाहून कुणी गोळी लिहून दिली, तर कारण विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. तो आकडा वारंवार तपासून तो ‘उतरला’ की नाही हे पाहण्यातही अर्थ नाही. उपचार आकड्यावर ठरत नाहीत.

पित्ताचा उपचार पित्तासाठीच करावा लागतो. झोप आणणारी जुनी ‘ॲव्हिल’सारखी गोळी आपल्याकडे अजूनही घरोघरी असते, पण पहिली पसंती आता लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन अशा दुसऱ्या पिढीतील औषधांना आहे. यात रुग्णांची नेहमीची चूक म्हणजे गांधी उठल्यावर गोळी घेणे. हिस्टामिन एकदा आपले काम करून गेल्यावर गोळीला फारसे काही उरत नाही. ती रोज ठरावीक वेळी, गांधी नसल्या तरी घ्यायची असते. नेहमीच्या मात्रेने भागले नाही तर तज्ज्ञ ती चौपटीपर्यंत वाढवू शकतात. हा निर्णय अर्थातच स्वतःहून घेण्याचा नाही. तरीही आराम नसेल तर ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन दर चार आठवड्यांनी दिले जाते. अमेरिका व युरोपात त्याला २०१४ मध्ये या विकारासाठी मान्यता मिळाली. ते रक्तातील आयजीईला बांधून ठेवते. अनेकांचे आयुष्य त्याने पालटले आहे, मात्र ते खर्चिक आहे आणि वर सांगितलेल्या दुसऱ्या गटात त्याचा गुण सावकाश येतो. अशा वेळी सायक्लोस्पोरिनचा विचार होतो. त्यात रक्तदाब आणि मूत्रपिंड यांवर डोळा ठेवावा लागतो. स्टिरॉईडने पित्त एका दिवसात दबते आणि तेच त्याचे दुर्दैव. तीव्र भडक्यासाठी मोजके दिवस ठीक. महिनोन् महिने घेतलेल्या स्टिरॉईडने मधुमेह, रक्तदाब आणि ठिसूळ हाडे अशी नवी दुखणी पदरात पडतात. वेदनाशामक गोळ्यांनी, विशेषतः ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनच्या जातीच्या औषधांनी, अनेक रुग्णांचे पित्त भडकते, त्या टाळाव्यात.

खाण्यातली बंधने सैल केली तरी चालतात, हे एव्हाना लक्षात आले असेल. आयोडीनयुक्त मीठ बंद करण्याचेही कारण नाही. मात्र ‘थायरॉईडसाठी नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या समुद्रशैवालाच्या गोळ्यांपासून दूर राहावे. आयोडीनचा अतिरेक हाशिमोतो विकाराला मानवत नाही. केस गळतात म्हणून बायोटिन घेणाऱ्यांनी रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ते थांबवून प्रयोगशाळेला तसे सांगावे, अन्यथा थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. आणि ग्रंथीचे काम अतिरिक्त वाढल्यामुळे कार्बिमॅझोल सुरू केल्यावर पित्त उठू लागले असेल, तर आधी त्या औषधावरच संशय घ्यावा.

काही गांधी मात्र या चौकटीत बसत नाहीत. एकाच जागी २४ तासांहून अधिक राहणारी, खाजेपेक्षा दुखणारी, जाताना काळसर डाग ठेवणारी गांध रक्तवाहिन्यांच्या दाहाची असू शकते. तिचा तुकडा तपासावा लागतो. सोबत ताप आणि सांधेदुखी असेल तरीही सखोल तपासणी हवी. गांधीविना केवळ ओठ-जीभ सुजत असेल आणि रुग्ण रक्तदाबाच्या विशिष्ट गोळ्या घेत असेल, तर दोष त्या गोळ्यांचा असू शकतो. श्वास कोंडला, आवाज बसला, चक्कर आली तर थेट रुग्णालय गाठावे. डॉक्टरांकडे जाताना अंग स्वच्छ होते ही तक्रार आता मोबाईलने सोडवली आहे. गांधीचे छायाचित्र काढावे, भोवती पेनने रेघ आखून वेळ लिहावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा छायाचित्र घ्यावे. निम्मे निदान त्यातच होते.

जुनाट पित्त बहुतेकांत एक ते पाच वर्षांत ओसरते. काहींत अधिक काळ रेंगाळते. प्रतिपिंडे मात्र बहुधा मागे राहतात. इंग्लंडमधील व्हिकहॅम या भागात वीस वर्षे चाललेल्या पाठपुराव्यात, प्रतिपिंडे असूनही टीएसएच सामान्य असलेल्या स्त्रियांपैकी दरवर्षी साधारण दोन टक्क्यांत थायरॉईडचे काम मंदावले. टीएसएचदेखील वाढलेले असेल तर हे प्रमाण चार टक्क्यांच्या वर गेले. त्यामुळे अंगावरचे पित्त थांबल्यावर त्याची फाईल बासनात बांधली तरी वर्षातून एकदा टीएसएच तपासणे चालू ठेवावे. ज्या तरुणींना गर्भधारणेचा विचार करायचा आहे, त्यांनी ही तपासणी आधीच करून घ्यावी आणि आपल्याला अँटी-टीपीओ प्रतिपिंडे आहेत हे स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगावे. गर्भाची स्वतःची ग्रंथी कामाला लागेपर्यंत त्याची सारी भिस्त आईच्या संप्रेरकावर असते.